सत्याचा दावा आणि सत्तेचा अंमल

सर्व नद्या अखेर एकाच समुद्राला मिळतात तसे सर्व धर्म एकाच परमेश्वरापाशी पोहोचतात, असे आपण सभासमारंभांत मोठ्या सद्भावाने म्हणतो. परंतु यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन एकेश्वरी धर्मांचा श्रद्धावान अनुयायी ते ऐकून सहसा मान डोलावीत नाही, आणि त्यात त्याचा दुराग्रहच असतो असेही नाही. ईश्वर एक आहे, तो मानवाशी बोलला आणि अब्राहाम हा त्याच्या भक्तांचा आदिपुरुष होय, इतके तिघांनाही मान्य आहे. वादाला तोंड फुटते ते यापुढे. येशू हा ईश्वराचा पुत्र असून तो मानवाच्या पापांसाठी क्रुसावर मरण पावला व तिसऱ्या दिवशी उठला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा प्राण. येशू थोर प्रेषित खरा, पण ईश्वराला पुत्र नाही, येशूला क्रुसावर मारण्यात आलेच नाही आणि मुहंमद हे अखेरचे प्रेषित होत, ही कुराणाची शिकवण. तर मसीहा अद्याप यावयाचा आहे आणि मोशेला दिलेले धर्मशास्त्र रद्द झालेले नाही, ही परंपरानिष्ठ यहुद्यांची श्रद्धा. ही विधाने एकाच वेळी शब्दशः खरी असू शकत नाहीत. तेव्हा हा भेद कायम ठेवून माणसांनी एकत्र नांदावे कसे, हा खरा प्रश्न होय, आणि त्याविषयीचा एक बोधप्रद दाखला आपल्याच देशाच्या तवारिखांत नमूद आहे.

अकबर बादशहाने १५७५ साली फत्तेपूर सिक्री येथे इबादतखाना उभारला. आरंभी तेथे केवळ मुसलमान शेख, सय्यद, उलेमा आणि अमीर यांनाच प्रवेश होता. परंतु बसण्याच्या जागांवरूनही तंटे होऊ लागले आणि एकाने धर्म्य ठरविलेले दुसरा निषिद्ध ठरवू लागला, तेव्हा बादशहाची जिज्ञासा अधिकच चाळवली व हिंदू, जैन, पारशी आणि ख्रिस्ती पंडितांनाही चर्चेत स्थान मिळाले. त्याच्या निमंत्रणावरून रुडॉल्फ आक्वाविवा, अंतोनियु मोन्सेरात आणि फ्रान्सिस्कु एन्रिकिस हे तीन जेजुइट पाद्री १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघाले आणि फेब्रुवारीअखेर दरबारात हजर झाले. आक्वाविवा हा इटलीतील सरदार घराण्यातला, जेमतेम तिशीचा तरुण. एन्रिकिस हा इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेला होर्मुझचा दुभाषी. त्यांनी नजर केलेले, अँटवर्प येथे अनेक भाषांत छापलेले बायबल बादशहाने आदराने मस्तकी धरले आणि शहाजादा मुराद यास मोन्सेरातच्या हाताखाली शिकावयास घातले; मात्र ईश्वराला पुत्र कसा असेल, ही त्याची शंका पाद्र्यांना अखेरपर्यंत फेडता आली नाही.

शास्त्रार्थाने वाद मिटेना, तेव्हा अग्निदिव्याची गोष्ट निघाली: उभय पक्षांनी धगधगत्या अग्नीत शिरावे आणि जो सुखरूप बाहेर येईल त्याचा धर्म खरा मानावा. ही हकीगत तीन समकालीनांनी लिहून ठेवली आहे. बादशहाचा विश्वासू अबुल फजल म्हणतो, की आव्हान पाद्र्याने दिले आणि उलेमा कचरले. कर्मठ बदायुनी लिहितो, की शेख कुतुबुद्दीन अग्नीत शिरावयास सिद्ध झाला आणि पाद्रीच मागे सरले. तर मोन्सेरातची कैफियत अशी, की ईश्वराकडे चमत्कार मागून त्याची परीक्षा पाहणे हे पाप होय, म्हणून पाद्र्यांनी नकार दिला. तिघेही विद्वान, तिघेही त्याच काळाचे, आणि तरीही ज्या सभेत ईश्वरी सत्याचा निवाडा व्हावयाचा होता, त्या सभेत घडले काय, याविषयीच त्यांच्या साक्षी जुळत नाहीत.

अकबराने दोन राजमार्ग चोखाळून पाहिले. १५७९ च्या मजहराने उलेमांतील मतभेदांवर निर्णय देण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे घेतला, आणि १५८२ च्या सुमारास, पुढे दीन-इ-इलाही म्हणून ओळखला गेलेला पंथ काढला. पण त्यात मूठभर दरबारी आले आणि त्याच्यामागे तो टिकला नाही. बादशाही हुकमाने श्रद्धा एकत्र कालवता येत नाहीत. मोलाचे ठरले ते निराळेच: आपला संपूर्ण दावा, काही न लपवता, परधर्मीय राजाच्या सभेत निर्भयपणे मांडण्याची पाद्र्यांना मिळालेली मोकळीक.

त्याच आक्वाविवाचा शेवट मात्र या कथेची दुसरी बाजू दाखवितो. १५८३ साली तो गोव्यास परतला आणि त्याची नेमणूक साष्टीत झाली. तेथे पोर्तुगीज अंमलाखाली देवळे जमीनदोस्त झालेली होती आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते. त्या जुलैत कुंकळ्ळी येथे चर्चसाठी जागा पाहण्यास गेलेल्या आक्वाविवाला व त्याच्या सहकाऱ्यांना संतप्त ग्रामस्थांनी ठार केले. पुढे पोर्तुगिजांनी तेथील गांवकरांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा वध केला. आक्वाविवाचा धर्म सिक्रीत जो होता तोच कुंकळ्ळीतही होता. सिक्रीत त्याच्या पाठीशी केवळ युक्तिवाद होता, कुंकळ्ळीत फौज आणि फर्मान होते. रक्त सांडले ते या फरकामुळे.

याउलट कोकणातील बेने इस्रायल पाहा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' शतकानुशतके आपला शब्बाथ पाळत राहिले, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही अग्नीत शिरावे लागले नाही. रोमच्या धर्मपीठानेही १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ख्रिस्तावरील आपली श्रद्धा तिळमात्र न सोडता, मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला आणि येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुदी समाजावर ठेवता येणार नाही, असे जाहीर केले. दावा कायम राखूनही द्वेष सोडता येतो, याचे हे प्रमाण होय.

म्हणून शेजाऱ्याचा धर्म आपल्या धर्मासारखाच आहे असे म्हणून त्याची बोळवण करू नये. तो कोठे निराळा आहे, हे त्याच्याच तोंडून समजून घ्यावे, आपले मत त्याला निःसंकोच सांगावे आणि त्याचेही तितक्याच धीराने ऐकावे. सत्य कोणाच्या पदरी आहे हा वाद खुशाल चालू राहो. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार मात्र कोणत्याही सरकारच्या, कोणत्याही फौजेच्या आणि कोणत्याही जमावाच्या हाती जाऊ देता कामा नये.