म्हाइंभटांची टाइमलाइन

मंडळी, आधी एक प्रसंग. डोंबिवलीहून ठाण्याला येणारी सकाळची फास्ट. दारात पाय ठेवायला जागा नाही आणि दिव्याच्या अलीकडे गाडी थांबली. माझ्या पुढ्यातल्या मित्राने एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्या हाताने मोबाईल वर केला, गर्दीचा फोटो काढला, वर 'दिवा. नेहमीचंच.' एवढं लिहिलं आणि स्टोरी टाकून मोकळा! दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला ती स्टोरी गायब. इन्स्टाग्रामचा नियमच तो, २४ तास.

कुठे गेलो, काय खाल्लं, कोण काय म्हणालं हे सारखं नोंदवत बसायची खाज म्हणे आपल्याच पिढीला आहे. घरी आणि कॉलेजात हे आपण रोज ऐकतो. पण जरा मागे जाऊन बघा. १८३० च्या दशकात ओदोयेव्स्की नावाच्या रशियन लेखकाने एक कादंबरी लिहायला घेतली होती, सन ४३३८ मधल्या जगाची. त्यात घराघरातून रोज एक छोटं पत्र निघतं : यजमानांची तब्येत, घरातल्या बातम्या, जेवणाचं आमंत्रण आणि त्यात पदार्थ कोणते, ते सगळं! मग १९४५ साली व्हॅनेवर बुश या अमेरिकन इंजिनीअरने एका लेखात कपाळावर बांधायचा, अक्रोडापेक्षा थोडासा मोठा कॅमेरा कल्पिला. माणूस बघेल ते टिपायचं, आणि माणसाची सगळी पुस्तकं, पत्रं, नोंदी साठवायला 'मेमेक्स' नावाचं टेबल. आपल्या ब्रँचची माणसं किती पुढचं बघतात, बघा.

पण मला खरा धक्का बसला तो ठाण्यात. सबमिशनच्या काळात अभ्यासाला शांत जागा म्हणून मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायचो. १८९३ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय, आणि त्याच्या संस्थापकांतले एक वि. ल. भावे, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे. जर्नल लिहायचं सोडून एकदा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पानं चाळत बसलो (जर्नल लिहायचं असलं की काहीही इंटरेस्टिंग वाटतं) आणि लीळाचरित्रापाशी अडकलो. दहावीच्या मराठीत नाव ऐकलं होतं, तेवढंच.

लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात, इ.स. १२७८ च्या सुमाराचा. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी. त्यांनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. ते उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचे शिष्य आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला जमले. तिथे पट्टशिष्य नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणी मनात घोळवत असत. म्हाइंभट नावाच्या विद्वान शिष्याला वाटलं की ही माणसं गेली की आठवणीही जाणार. मग हा माणूस कामालाच लागला. ज्याला जे आठवतंय ते त्याच्याकडे जाऊन विचारायचं, लिहून घ्यायचं आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. अशा शेकडो लीळा. कुठल्या गावी मुक्काम होता, स्वामी कुठे बसले, कोणी काय विचारलं, जेवायला काय होतं. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांना घाबरून एक ससा स्वामींच्या मांडीखाली लपला, तीही नोंद आहे. (डोमेग्राम नावाचं गाव त्यात वारंवार येतं. डोंबिवली नव्हे, मी तपासलं!)

यात मजा अशी की शिष्यांनी स्वतःची फजितीही गाळलेली नाही. कोणी भलता प्रश्न विचारला, कोणाला बोलणी बसली, बाईसांना कोणाचा राग आला, सगळं आहे. खुद्द म्हाइंभट विद्वत्तेच्या ताठ्यात आले होते आणि तो ताठा कसा उतरला, हेही त्यांच्याच ग्रंथात सापडतं. आपण टॅग काढून टाकतो तसले फोटो, थोडक्यात. पुढे 'स्थानपोथी' तयार झाली. स्वामी कुठल्या गावात कुठल्या देवळात राहिले, त्या देवळाचं दार कुठल्या दिशेला, बसायची जागा कोणती, याची तपशीलवार यादी. म्हणजे चेक-इनच की! त्यातल्या कित्येक जागांवर ओटे बांधलेले आहेत, आजही लोक तिथे जाऊन नमस्कार करतात.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी खास : या पंथाने आपल्या पोथ्या एन्क्रिप्टही केल्या. चौदाव्या शतकापासून 'सकळ' नावाची सांकेतिक लिपी वापरात आली. मूळ कल्पना साधी, एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह. आज आपण फर्स्ट इयरच्या मुलाला असाइनमेंट म्हणून देऊ. पण ती शतकानुशतकं बाहेरच्यांना वाचता आली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे यांनी तिचा उलगडा केला, आणि महानुभाव वाङ्मय बाकीच्या मराठी वाचकांपुढे आणणाऱ्यांत आपले ठाण्याचे भावे होते. सगळं लिहून ठेवायचं, पण सगळ्यांना दाखवायचं नाही. आपल्याला सहाशे वर्षांनीही हे सेटिंग नीट जमत नाही.

आता मुख्य गोष्ट. म्हाइंभटांची मूळ प्रत पुढे खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत हरवली असं परंपरा सांगते. बॅकअप कुठे होता? माणसांच्या डोक्यात. हिराइसा नावाच्या शिष्येसारख्या काहींना ग्रंथ पाठ होता. त्यांच्या पाठांवरून तो पुन्हा उभा केला गेला. जिथे पाठ जुळेनात तिथे अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, हे नावानिशी नोंदवलं. या वेगळ्या पाठाला पोथ्यांत 'वासना' म्हणतात. एकच खरं आणि बाकी डिलीट, असं केलं नाही.

हे वाचलं त्याच्या महिनाभर आधी माझी हार्ड डिस्क गेली होती. चार वर्षांचे फोटो. दुरुस्तीवाल्याने आठ दिवस ठेवून घेतली, पैसे घेतले आणि परत दिली, तशीच. सगळ्यात जास्त जीव जळला तो सेकंड इयरच्या माहुलीच्या ट्रेकसाठी. आम्ही चौघं पहिल्यांदा आणि शेवटचे एकत्र गेलो होतो, कारण त्यातल्या मेकॅनिकलवाल्याने नंतर घरच्या अडचणीमुळे कॉलेज सोडलं. त्याने तेव्हा एकही स्टोरी टाकली नव्हती. त्याच्याकडे कॅमेऱ्याचा फोनच नव्हता.

म्हाइंभटांचा नाद लागला आणि मी वही घेतली. कल्याणला त्याच्या दुकानावर जाऊन बसलो, गिऱ्हाईक नसेल तेव्हा विचारायचं. त्याला आसनगाव स्टेशनवरचा चहा आठवत होता. शिडीपाशी आयटीवाली घाबरली हे त्याचं म्हणणं. आयटीवालीला फोन केला तर ती म्हणाली, मी नाही, हाच घाबरला होता! सिव्हिलवाल्याला शिडी आठवतच नव्हती, त्याला फक्त परतीच्या लोकलमध्ये मेकॅनिकलवाला म्हणाला होता ते आठवत होतं, की पुढच्या वर्षी मी असेन-नसेन. मला ते वाक्य ऐकल्याचं अजिबात आठवत नाही. मी बहुतेक तेव्हा फोटो अपलोड करत होतो.

वहीची अकरा पानं झाली आहेत. वाट कोण चुकलं याबद्दल चार पाठ आहेत, प्रत्येकाच्या ब्रँचच्या नावानिशी. चारही ठेवले आहेत.