बिनपगारी फौज

आमची आजी फार चिडली की तिच्या तोंडी एकच शिवी येई, 'रझाकार!' परसातल्या पेरूवर पोरांनी दगड मारले, रझाकार. गवळ्याने दुधात पाणी घातले, रझाकार. मांजराने सायीचे भांडे लवंडले तर तेही रझाकारच. आम्हां मुलांना वाटे, हा कुणी बागुलबुवा असावा. पुढे मराठी घेऊन एम. ए. झालो, शब्दांची कुळे शोधण्याचा धंदाच पत्करला, तेव्हा कळले की या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'स्वयंसेवक' असा आहे. आपखुशीने कामाला येणारा माणूस. इतक्या सभ्य शब्दाची शिवी कशी झाली, हे कोडे तेव्हापासून माझ्या मनात आहे.

आजीचे सासर जांब समर्थचे. जालना जिल्ह्यातले हे गाव आपण ओळखतो ते समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून. सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी, शके १५३० च्या रामनवमीला, नारायणाचा जन्म झाला तो इथे. पण आजीच्या लेखी जांबची मोठी हकीकत १९४८ सालची. सारा मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आजीचे लग्न होऊन दोनच वर्षे झाली होती. त्या उन्हाळ्यात घरची तांब्यापितळेची भांडी परसात पुरली गेली आणि तिला बैलगाडीत घालून हद्दीपलीकडे वऱ्हाडात, देऊळगाव राजाला नातलगांकडे पोचवण्यात आले. दोन महिन्यांनी हट्ट धरून ती परत आली. गंमत अशी की आमच्या गल्लीत एकही रझाकार कधी फिरकला नाही. "पण रोज दिवेलागणीला तो येणारच असायचा," असे ती म्हणे.

हे दल मुळात सरकारी नव्हतेच. 'मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन' ही १९२७ साली निघालेली संस्था. बहादूर यार जंग यांच्या काळात तिने स्वयंसेवक जमवायला सुरुवात केली. १९४४ साली ते वारले. १९४६ मध्ये संस्थेची सूत्रे लातूरचे एक वकील, कासीम रझवी, यांच्या हाती गेली आणि स्वयंसेवकांच्या हाती बंदुका आल्या. निजामाची कवायती फौज २२ हजारांच्या आसपास. रझाकारांचा आकडा मात्र दोन लाखांपर्यंत सांगितला जाई. त्यांतल्या बहुतेकांजवळ तलवारी नाहीतर ठासणीच्या बंदुका असत. हैदराबादला अशा उसन्या शस्त्रांची सवय जुनी होती. एकोणिसाव्या शतकात तिथे अरब आणि रोहिल्यांची शिबंदी होती. अरब जमादार सरदारांनाच कर्ज देत आणि वसुलीसाठी तालुकेच्या तालुके दाबून बसत. त्यांना आवरता आवरता सालारजंगासारख्या दिवाणाच्या नाकी नऊ आले.

आणि केवळ निजामाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. शिंद्या-होळकरांच्या फौजांमागून पेंढारी फिरत, त्यांना तरी पगार कुठे होता? लुटीची मुभा हाच त्यांचा पगार. 'पेंढारी' हा शब्दही आज शिवीच आहे. माझ्या कोड्याची किल्ली मला इथे सापडली. ज्या शिपायाला सरकार पगार देत नाही, पण ज्याच्या बंदुकीकडे काणाडोळा करते, त्याच्या पोटाची सोय शेवटी गावांनाच करावी लागते. शिवाय ज्याला कधी नोकरीवर ठेवलेच नाही, त्याला बडतर्फ तरी कसे करणार?

निजामाला हे एका रात्रीत कळले. १९४७ च्या ऑक्टोबरात हिंदुस्थान सरकारशी 'जैसे थे' कराराचा मसुदा ठरला होता आणि तो घेऊन शिष्टमंडळ विमानाने दिल्लीला निघायचे होते. २७ तारखेच्या पहाटे तीनच्या सुमारास पंचवीस-तीस हजारांच्या जमावाने पंतप्रधान छत्तारीचे नवाब, कायदेपंडित वॉल्टर माँक्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. ज्याच्या राजधानीत हे घडले तो जगातला सर्वांत धनाढ्य माणूस म्हणून गाजलेला होता! पण त्या सकाळी विमान सुटले नाही. छत्तारींनी राजीनामा दिला, रझवींच्या पसंतीची माणसे पुढे आली. २९ नोव्हेंबरला करार झाला खरा, पण राज्याची किल्ली आता कुणाच्या कमरेला होती हे सर्वांना दिसले.

हे वाचताना २०२३ च्या जूनमधली रशियाची बातमी आठवल्याशिवाय राहत नाही. 'वॅग्नर' नावाची भाडोत्री फौज. तिच्याशी आपला संबंध नाही असे सरकार वर्षानुवर्षे सांगत होते. तिचा म्होरक्या प्रिगोझिन एके दिवशी तीच फौज घेऊन मॉस्कोच्या रोखाने निघाला! तो अर्ध्या वाटेतून परतला आणि दोन महिन्यांनी विमान कोसळून मेला. त्याच्या मृत्यूआधीच, बंडानंतर काही दिवसांतच, सरकारने या फौजेचा खर्च आपण करीत होतो हे मान्य केले होते. निजामाने याच्या उलट केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो शरण आला आणि २३ तारखेला नभोवाणीवरून त्याने सांगितले की या टोळीने मलाच असहाय करून टाकले होते. ते खोटे होते असे मला वाटत नाही. मात्र ते सांगायला त्याला फार उशीर झाला होता. महिन्याभरापूर्वीच 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची भर रस्त्यात हत्या झाली होती. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणे एवढाच त्यांचा गुन्हा. रझाकारांविरुद्ध लेखणी उचलणारा हा माणूस मुसलमान होता, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

कासीम रझवी तुरुंगात गेले, १९५७ साली सुटून पाकिस्तानात गेले आणि १९७० मध्ये तिकडेच वारले. खेड्यांतला हिशेब इतका सरळ मिटला नाही. १५ सप्टेंबरला जालना हिंदी फौजेच्या ताब्यात आले आणि मग सूडाची लाट उसळली. ज्यांनी कधी तलवार हातात धरली नव्हती असे मुसलमानही तिच्यात सापडले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल लोकांसमोर यायला २०१३ साल उजाडले.

त्या दिवसांत आजोबांनी आमच्या वाड्याच्या बळदात गावच्या पिंजाऱ्याचे कुटुंब चार रात्री लपवले. आजीने पिंजारणीला आपले लुगडे नेसवले, कपाळाला कुंकू लावले आणि कुणी विचारले तर माहेरची भावजय म्हणून सांगायचे ठरवले. विचारायला कुणी आले नाही. हे सांगताना तिच्या आवाजात शौर्य वगैरे काही नसे. तांदूळ किती लागले आणि बळदात उंदीर किती होते, हेच ती जास्त रंगवून सांगे.

पुढे आमच्या गाद्या त्याच घरून पिंजून येत. दर वर्षी दसरा झाला की कापूस जाई आणि दर वर्षी उशीर होई. वसुबारस उजाडली तरी गाद्या आल्या नाहीत की आजी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत म्हणे, "मेला रझाकार! यंदाही दिवाळीत जमिनीवर निजवणार आपल्याला."