कंपवात आणि रक्तातील सूक्ष्म खनिजे

हातापायांची थरथर, मंदावलेली चाल आणि ताठरलेले शरीर ही कंपवाताची ठळक लक्षणे होत. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास पार्किन्सनचा आजार म्हणतात. अक्षर बारीक होत जाणे हेही त्याचे एक लक्षण आहे. बँकेत वृद्ध पेन्शनरांच्या जुन्या व नव्या सह्या शेजारी ठेवून पाहताना आम्हांला हा फरक अनेकदा जाणवतो.

रक्तातील लोह, तांबे, जस्त तपासले तर आजार किती वाढला हे कळेल काय, असा प्रश्न रुग्णाच्या घरी हमखास निघतो. त्याचे उत्तर आज तरी 'नाही' असेच आहे. या आजारात मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात व त्या भागात लोह साठते. परंतु रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये नैसर्गिक पडदा असतो. त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टवरून मेंदूतील लोहाचा अंदाज येत नाही.

मग साठलेले लोह काढून टाकावे काय? युरोपात ३७२ नव्या रुग्णांवर हा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. थॅलेसेमियात वापरले जाणारे डेफेरिप्रोन हे औषध निम्म्या रुग्णांना ३६ आठवडे दिले. मेंदूतील लोह घटले, पण लक्षणे मात्र अधिक बिघडली. डोपामाइन तयार होण्यासही लोह लागतेच, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

मँगनीजची गोष्ट वेगळी. आपल्या राज्यात नागपूर व भंडारा जिल्ह्यांत त्याच्या खाणी आहेत. मँगनीजची धूळ किंवा वेल्डिंगचा धूर वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास कंपवातासारखाच विकार जडू शकतो. म्हणून रुग्णाने आपला पूर्वीचा व्यवसाय डॉक्टरांना अवश्य सांगावा.

आम्ही डॉक्टर नव्हे. तरी काही गोष्टी प्रत्येक घराने ध्यानात ठेवाव्यात. खनिजांच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. जस्त दीर्घकाळ जादा घेतल्यास शरीरातील तांबे घटते व नसांना इजा होऊ शकते. रक्तक्षय असल्यास लोहाची गोळी जरूर घ्यावी, पण लेव्होडोपासोबत नव्हे. लोहामुळे ते औषध शरीरात कमी शोषले जाते. दोहोंत किती तासांचे अंतर ठेवावे, हे डॉक्टरांना विचारावे. आणि लेव्होडोपा एकाएकी कधीही बंद करू नये. विद्यार्थी मित्रांनी आपल्या आजी-आजोबांच्या गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीवर लावल्या, तरी मोठे काम होईल.