फोटो कागदावर उतरताना (लेखांक ७) : हा मण कुठला?

गेल्या लेखात आपण मॉनिटरचा उजेड आणि रंग ताळ्यावर आणले. तेवढं झालं की पडद्यावर दिसणाऱ्या रंगांवर विश्वास ठेवता येतो. पण फोटो पडद्यावरून लॅबकडे निघाला की वाटेत आणखी एक घोळ होऊ शकतो. तो माझ्या हातून झाला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

भाचीचं लग्न होतं. माझ्या आईची जुनी मोरपंखी पैठणी तिने नेसली होती. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे ती चालली की हिरव्यातून निळं आणि निळ्यातून हिरवं डोकावायचं. फोटो मीच काढले. घरी पडद्यावर रंग जसाच्या तसा दिसत होता. मग लॅबमधून चार बाय सहाचे प्रिंट आले. आई खिडकीपाशी बसून एकेक पाहत गेली आणि म्हणाली, “अरे, ही माझी पैठणी नव्हे. ही कुणाची तरी धुऊन धुऊन विटलेली आहे.”

तिचं बरोबर होतं. मोरपंखी मेला होता, कुंकू विटकरी झालं होतं आणि हळदीचे फोटो मातकट दिसत होते. लॅबची त्यात काही चूक नव्हती. माझ्या कॅमेऱ्यात रंगांसाठी ‘ॲडोबी आरजीबी’ हा पर्याय निवडलेला होता आणि मी फाइली तशाच पाठवल्या होत्या.

डिजिटल फोटोत रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, जेपेगमध्ये प्रत्येकी ० ते २५५. लाल २५५ म्हणजे ‘सर्वांत लाल’ हे खरं, पण कुठल्या मापाने सर्वांत लाल? मेट्रिक मापं येण्याआधी आपल्याकडे असाच प्रश्न धान्याच्या व्यापारात पडायचा. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोंचा. बंगालचा मण ८२ पौंडांहून जास्त, म्हणजे ३७ किलोंच्या वर. पोत्यावर नुसतं ‘दहा मण’ लिहिलं तर आत धान्य किती आहे ते कळत नाही. हा मण कुठला, हे सांगणारी चिठ्ठी लागते. फोटोच्या फाइलीत दडलेलं प्रोफाइल म्हणजे ती चिठ्ठी. आकड्यांना अर्थ येतो तो तिच्यामुळे.

एक उदाहरण पाहा. ॲडोबी आरजीबीहून लहान असं एक दुसरं रंगमाप आहे, एसआरजीबी. त्या एसआरजीबीच्या मापात २५५, ०, ० असा लिहिलेला लाल ॲडोबी आरजीबीच्या मापात लिहिला की २१९, ०, ० होतो. ॲडोबीचं माप मोठं, त्यामुळे तोच रंग लहान आकड्यात मावतो. चिठ्ठी वाचणाऱ्याला दोन्हीकडे एकच लाल दिसेल. पण चिठ्ठी न वाचता तो २१९ एसआरजीबीचाच समजून कागदावर उतरवला, तर लाल उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. माझ्या फोटोतलं कुंकू असं विटकरी झालं. घरच्या फोटोशॉपने चिठ्ठी वाचली, म्हणून तिथे सगळं ठीक दिसलं. काही लॅबची यंत्रणाही ती वाचते. पुष्कळ ठिकाणी मात्र आलेली प्रत्येक फाइल एसआरजीबीच आहे असं धरून काम चालतं. रोज हजारो फोटो छापणाऱ्या यंत्राला सगळ्यांसाठी एकच माप ठरवून घेणं सोयीचं जातं, आणि मला त्यात गैर वाटत नाही.

एसआरजीबी आलं १९९६ साली, एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याकडून. त्या काळचे काचेच्या नळीचे मॉनिटर जे रंग दाखवू शकत होते, त्यावरून ते बेतलं गेलं. म्हणून ते आटोपशीर आहे. ॲडोबी आरजीबीची गोष्ट जास्त गमतीची. फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत टीव्हीच्या एका मानकाचं नाव देऊन एक रंगमाप घातलं होतं. नंतर लक्षात आलं की त्यातले आकडे त्या मानकाशी जुळतच नाहीत. पण तोवर छपाईची कामं करणाऱ्यांना ते ऐसपैस माप आवडू लागलं होतं. मग आकडे तेच ठेवून नाव बदललं आणि ॲडोबी आरजीबी (१९९८) जन्माला आलं. त्याची जास्तीची ऐसपैस जागा मुख्यतः हिरव्या आणि निळसर हिरव्या रंगांत आहे. मोराचा गळा, पोपटी-निळी काचेची बांगडी, मोरपंखी पैठणी, सगळे तिथलेच रहिवासी. घोळात सर्वांत जास्त मार पैठणीला बसला तो त्यामुळे.

आता उपाय. फोटोशॉपच्या ‘एडिट’ मेनूत दोन आज्ञा एकमेकींना लागून आहेत, ‘असाइन प्रोफाइल’ आणि ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’. नावं इतकी शेजारची की कुणालाही दोन्ही एकच वाटाव्यात, आणि निम्मी गडबड तिथेच होते. ‘असाइन’ म्हणजे पोत्यावरची ‘बंगाली मण’ ही चिठ्ठी फाडून ‘मुंबई मण’ची लावणं, आकडा दहाचा दहाच. धान्य आहे तेवढंच आहे, पण हिशेब खोटा झाला. ‘कन्व्हर्ट’ म्हणजे धान्य तसंच ठेवून नव्या मापाने मोजणं. आकडा बदलतो, धान्य बदलत नाही. लॅबसाठी हवं ते ‘कन्व्हर्ट’. ‘असाइन’ची वेळ एकाच प्रसंगी येते. फाइलीला चिठ्ठीच नसेल आणि तिचं खरं माप कुठलं ते तुम्हाला ठाऊक असेल, तेव्हा.

लाइटरूम वापरत असाल तर एक्स्पोर्टच्या चौकटीत ‘कलर स्पेस’समोर एसआरजीबी निवडा, काम झालं. फुकट मिळणाऱ्या गिंपमध्येही ‘इमेज’ मेनूत रंगव्यवस्थापनाच्या रकान्यात हीच सोय आहे. बदल नेहमी मूळ फाइलीच्या प्रतीवर आणि सगळं संपादन संपल्यावर करा. एसआरजीबीत आणताना कापले गेलेले रंग पुन्हा मोठ्या मापात नेले तरी परत येत नाहीत.

जुन्या फाइलींपैकी कुठल्या ॲडोबी आरजीबीच्या आहेत हे ओळखायची एक खूण आहे. कॅमेऱ्याने जेपेग त्या मापात साठवला असेल तर फाइलीचं नाव अंडरस्कोअरने, म्हणजे तळाशी मारलेल्या आडव्या रेघेने, सुरू होतं. कॅनन, निकॉन, सोनी, सगळे हा नियम पाळतात. माझ्या त्या लग्नाच्या फोल्डरमधल्या एकूण एक नावापुढे ती रेघ होती आणि मी कितीतरी वर्षं ती पाहत आलो होतो.

मोबाइलवाल्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. आयफोन ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, आयफोनचे फोटो ‘डिस्प्ले पी३’ या एसआरजीबीहून मोठ्या मापात साठवले जातात. ते तसेच चिठ्ठी न वाचणाऱ्या लॅबमध्ये गेले तर तिथेही रंग विटणारच.

इथवरचं सगळं सोपं होतं. खरी अडचण पुढे आहे. आकडे बरोबर बदलले तरी लहान मापात न बसणाऱ्या रंगांचं काय? मोरपंखी पदराच्या चुण्यांत उजेडाच्या दहा छटा असतील आणि त्यातल्या सहा एसआरजीबीच्या कुंपणाबाहेर असतील, तर त्या सहाही कुंपणाला येऊन चिकटतात. चुण्या नाहीशा होतात आणि तिथे रंगाचा सपाट पट्टा उरतो. झेंडूच्या तोरणाचंही तेच होतं. पाकळ्या जातात आणि केशरी गोळे राहतात.

कन्व्हर्टच्या चौकटीत यासाठी पर्याय दिसतात. ‘परसेप्च्युअल’ म्हणजे पंगतीत माणसं जास्त झाली तर सगळ्यांनी थोडं थोडं सरकून सर्वांना बसवायचं. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ म्हणजे बसलेल्यांना हलवायचं नाही, उरलेल्यांना कडेला कोंबायचं. वाचताना पहिला पर्याय शहाणपणाचा वाटतो. पण ॲडोबी आरजीबीतून नेहमीच्या एसआरजीबीत येताना तो निवडून काही फरक पडत नाही, कारण त्या प्रोफाइलमध्ये सरकून बसण्याचं कोष्टकच नसतं. प्रोग्राम मुकाट्याने दुसरीच रीत वापरतो. ही गोष्ट चौकटीत कुठेही लिहिलेली नसते आणि लोक दोन्ही पर्याय आलटून पालटून पाहत बसतात.

म्हणून सरकून बसवायचं काम आपण हाताने करायचं. फोटोशॉपच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘प्रूफ सेटअप’मध्ये एसआरजीबी निवडा आणि ‘गॅमट वॉर्निंग’ सुरू करा. मापाबाहेरचे भाग करडे दिसू लागतील. मग फक्त त्या रंगाची, म्हणजे निळसर हिरव्याची किंवा केशरीची, तीव्रता हळूहळू उतरवा. पूर्ण फोटोची नको, नाहीतर चेहरे उगाच फिके पडतील. करडे डाग आटोपले आणि चुण्या पुन्हा दिसू लागल्या की थांबा. रंग किंचित सौम्य होतो, पण कापड कापडासारखं दिसतं. माझ्या मते हा सौदा नेहमी करावा.

काही लॅब आपल्या यंत्राचं आणि कागदाचं खास आयसीसी प्रोफाइल देतात. मिळालं तर जरूर घ्या, आणि वरच्या ‘प्रूफ सेटअप’मध्ये एसआरजीबीच्या जागी ते लावा. तिथे मात्र परसेप्च्युअलचं कोष्टक असतं आणि दोन पर्यायांतला फरक डोळ्यांना दिसतो. पण हे प्रोफाइल फोटो पारखण्यासाठी घ्या. फाइल त्यात बदलून पाठवायची का, हे लॅबला विचारल्याशिवाय ठरवू नका. त्यांनी एसआरजीबी मागितलं असेल तर एसआरजीबीच द्या, आणि प्रोफाइल फाइलीत जोडलेलं ठेवा. फोटोच्या कागदावर सायन, मॅजेंटा आणि पिवळा असेच रंग उमटतात हे वाचून काहीजण आपणच फाइल सीएमवायके करून पाठवतात. तसं करू नका. लॅबचं लेझर यंत्र फोटोच्या कागदावर लाल, हिरवा आणि निळा उजेड टाकतं, त्याला आरजीबीच हवं.

लॅबला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा : करेक्शन बंद ठेवा. नाहीतर तुम्ही जपून आणलेल्या रंगांवर तिथलं स्वयंचलित करेक्शन पुन्हा हात फिरवतं. पहिल्या खेपेला मोठी ऑर्डर देऊ नका. तीन-चार फोटो चार बाय सहात छापून घ्या, त्यांत एक चेहऱ्याचा, एक गडद रंगाच्या कपड्याचा असू द्या, आणि ते दिवसाच्या उजेडात पाहा. ट्यूबलाइटखाली हिरवट दिसणारा प्रिंट खिडकीत नेला की ठीक निघतो, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

लग्नाच्या फाइली मी एसआरजीबीत बदलून पुन्हा छापून आणल्या. आईने कपाटातून पैठणी काढली, पदर मांडीवर पसरला आणि प्रिंट त्यावर ठेवून पाहिले. कुंकू जागेवर आलं होतं, काठाची जर बरोबर होती. उन्हात चमकणाऱ्या पदराचा एक फोटो तिने बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, “इथला निळा अजून कमी आहे रे.” तो मी वर सांगितलेल्या रीतीने उतरवलेला होता. मी तिला तसं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात, १२ बाय ३६ च्या अल्बमपानाला पिक्सेल किती लागतात ते पाहू.