घामाचे भांडवल

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या घराघरांत म्हातारी माणसे सांगत आली. आपले पूर्वज कोकणातून या बेटावर आले आणि साखर कोठीच्या कॅम्पात राहिले. छप्पर मालकाचे, घाम तेवढा आपला. म्हणून अमेरिकेतील एका ग्रामीण भागाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कॅलिफोर्निया राज्यात टुलेरी काउंटी, म्हणजे एक जिल्हाच, 1852 साली स्थापन झाली. संत्री, द्राक्षे व दूध यांनी ती समृद्ध आहे. पण फळे तोडणारे मजूर गरीबच राहिले. 1930 नंतर दुष्काळ व धुळीच्या वादळांनी उठवलेली कुटुंबे तेथे आली. मेक्सिकोचे मजूरही आले. पुष्कळांच्या नशिबी कॅम्पच होता.

1949 च्या गृहनिर्माण कायद्याने सरकारचे शेतीखाते शेतकऱ्यांना घरासाठी कर्ज देऊ लागले. 1961 साली शेत नसलेल्या ग्रामीण लोकांनाही ही सोय मिळाली. आज कमी मिळकतीच्या कुटुंबाला सरकार स्वतः कर्ज देते. फेडीची मुदत साधारण 33 वर्षे. गरजूंना सवलतीने व्याज 1 टक्क्यापर्यंत उतरते. मध्यम मिळकतीच्या लोकांना बँक कर्ज देते आणि सरकार बँकेला हमी देते.

पण गरिबाने सुरुवातीची रक्कम आणावी कोठून? टुलेरीतील गोशेन गावात 1960 नंतर याचे उत्तर सापडले. त्यातूनच 1965 साली व्हायसेलिया शहरात ‘सेल्फ-हेल्प एंटरप्रायझेस’ ही संस्था निघाली. दहाबारा कुटुंबांचा गट होतो. प्रत्येक कुटुंब आठवड्याला सुमारे 40 तास राबते आणि बांधकामातील सुमारे 65 टक्के श्रम गटच करतो. रोख रकमेच्या जागी हा घाम जमा धरला जातो. नियम असा, की सर्वांची घरे पुरी झाल्याशिवाय कोणीही आपल्या घरात राहायला जायचे नाही!

आपल्या पूर्वजांच्या मुलखात याला सावड म्हणत: आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या.

मात्र कर्ज हे कर्जच. हप्ते चुकले तर घर जाऊ शकते, आणि घर विकताना सवलतीचा काही भाग परत करावा लागू शकतो. म्हणून सहीपूर्वी कागद वाचावा; वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावा. आम्ही मुलांना व्याजाची गणिते शिकवतो ती केवळ परीक्षेसाठी नव्हे.

सरकारची हमी मोठी खरी. पण शेजाऱ्याची भिंत उभी राहिल्याशिवाय आपल्या घरात पाऊल न टाकणे, ही हमी त्याहून मोठी असे आम्हांस वाटते.