मत देताना ज्याच्याकडे कुणी बघितलं नाही, तोच गव्हर्नर झाला : न्यूयॉर्कची १९१२ ची निवडणूक

ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी राजीनामा दिला आणि लेफ्टनंट गव्हर्नर कॅथी होकल थेट त्यांच्या जागी बसल्या. निवडणूक नाही, आमदारांची पळवापळवी नाही, रिसॉर्ट नाही. पण याच राज्यात १९१३ साली जे झालं, त्यापुढे हे प्रकरण साधं वाटतं.

आधी एक गोंधळ दूर करू. लेफ्टनंट गव्हर्नर म्हटलं की आपल्याला दिल्लीचे नायब राज्यपाल आठवतात. त्यांची नेमणूक होते. अमेरिकेतला गव्हर्नर मात्र लोकांनी निवडून दिलेला, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभारी. न्यूयॉर्कमध्ये लेफ्टनंट गव्हर्नर सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसतो आणि गव्हर्नरची खुर्ची रिकामी झाली की ती त्याला मिळते. आपल्या उपमुख्यमंत्र्याला असा हक्क नाही, कारण राज्यघटनेत ते पदच नाही.

दोन पदं, दोन वेगळी मतं

आज न्यूयॉर्कमध्ये या जोडीला मिळून एकच मत देतात. तेव्हा वेगवेगळं द्यायचे. १९०६ मध्ये तर गव्हर्नर रिपब्लिकन चार्ल्स इव्हान्स ह्यूज झाले आणि लेफ्टनंट गव्हर्नर डेमोक्रॅट लुईस चॅनलर!

१९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला आणि रिपब्लिकन मतं फुटली. फायदा डेमोक्रॅट्सना झाला. गव्हर्नरपदी विल्यम सुल्झर आले. लेफ्टनंट गव्हर्नरपदी रिपब्लिकन जेम्स वॉड्सवर्थ आणि प्रोग्रेसिव्ह फ्रेडरिक डेव्हनपोर्ट यांना हरवून मार्टिन ग्लिन आले. ग्लिन हे आल्बनीच्या ‘टाइम्स-युनियन’चे संपादक. प्रचारात सगळी चर्चा सुल्झर यांचीच होती.

मग माशी कुठे शिंकली?

सुल्झर निवडून आले ते टॅमनी हॉलच्या पाठिंब्यावर. टॅमनी हॉल म्हणजे न्यूयॉर्क शहरातली डेमोक्रॅट्सची संघटना, आणि तिचा बॉस चार्ल्स मर्फी. तिकीट कुणाला, नेमणूक कुणाची, हे तो ठरवणार. सुल्झर यांनी खुर्चीवर बसताच त्याला जुमानायचं सोडलं. वर पक्षाचा उमेदवार बॉसने नाही, मतदारांनीच मतदान करून निवडावा, असा कायदा मागितला. मर्फीच्या वर्मावरच घाव!

मग विधिमंडळाच्या समितीने सुल्झर यांचा निवडणूक खर्च तपासायला घेतला. त्यांनी काही देणग्या हिशेबात दाखवल्याच नव्हत्या आणि काही पैसे शेअर्समध्ये घातले होते. म्हणजे सूड होता हे खरं, पण सुल्झर धुतल्या तांदळासारखे नव्हते, हेही तितकंच खरं.

१३ ऑगस्ट १९१३ च्या पहाटे असेंब्लीने महाभियोग मंजूर केला. सुल्झर खुर्ची सोडेनात, ग्लिन म्हणत आता कारभार माझा. खटला संपेपर्यंत आल्बनीत एका पदावर दोन दावेदार होते! खटला सिनेटर आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांच्यापुढे चालला. ग्लिन यांना त्यात बसता येत नव्हतं. ज्याला खुर्ची मिळणार, त्यानेच निकाल द्यायचा नाही, अशी तरतूद होती, आणि ती शहाणपणाचीच म्हणायला हवी. १७ ऑक्टोबरला सुल्झर यांना पदावरून काढलं आणि ग्लिन गव्हर्नर झाले.

टॅमनीने डाव जिंकला, असं वाटेल. पण नोव्हेंबरमध्ये मतदारांनी त्याच सुल्झर यांना असेंब्लीवर निवडून दिलं. आणि डिसेंबरमध्ये ग्लिन यांनी विशेष अधिवेशन बोलावून मंजूर काय करून घेतलं? मतदारांनी उमेदवार निवडण्याचा तोच कायदा, आणि कामगारांना अपघात भरपाई देणारा कायदाही.

१९१४ मध्ये ग्लिन पहिल्यांदाच स्वतः गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. रिपब्लिकन चार्ल्स व्हिटमन यांनी त्यांना हरवलं.