पणजोबांच्या मागचे नाव कोठे सापडेल?

पणजोबांच्या वडिलांचे नाव काय, असे विचारले तर किती घरांत उत्तर मिळेल? पुष्कळांना वाटते, जुन्या खानेसुमारीत ते असणार. पहिली खानेसुमारी १८७२ साली आणि देशभर एकाच वेळी झालेली १८८१ साली. पण छापील अहवालात गावची डोकी मिळतात, माणसांची नावे नाहीत. घरोघर भरलेले कागद तर १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे कोणाला पाहायला खुले नाहीत.

तेव्हा वाट जमिनीच्या दप्तरातून काढावी. सात-बारावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या व तहसील कार्यालयात त्यांच्या नकलेसाठी अर्ज करा. वारसाच्या फेरफारात कोण केव्हा वारले, मागे कोण राहिले, हे लिहिलेले असते. एक फेरफार त्यामागच्या फेरफाराकडे नेतो. जोडीला शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ पाहा. कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या.

एक ध्यानात ठेवा. जुन्या वारस नोंदींत लेकींची नावे पुष्कळदा गाळलेली असतात. तुमच्या वंशावळीत ती लिहाच. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. आज गाळलेले नाव उद्या बहीण-भावाला कोर्टाची पायरी चढायला लावते.

आणि आजीचे माहेर सात-बारावर नसते. ती आहे तोवर विचारा, आणि वहीत उतरवून ठेवा.